डाव्या डोळ्याचं ऑपरेशन

गाडीचा डावा हेडलाइट गेला. गॅरेजवाला म्हणाला, "बल्बचे दोनशे, लावायचे शंभर." लावायचे शंभर? घरातले सगळे बल्ब मीच लावतो, तेही स्टुलावर चढून. इथे तर स्टूलही नको! दुकानात जाऊन "एच-फोर, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट" असा रुबाबात बल्ब मागितला.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागेल, पण उघड्या बॉनेटला माणूस लगेच शिवतो. तळमजल्यावरचे काका कपबशीसकट हजर. "आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ." काढली. दहा नंबरचा पाना कडेला ठेवला.

हेडलाइटमागे हात घालायची जागा ज्याने आखली, त्याला मनगट नसावं. आधी तीन पिनांचा कनेक्टर, मग रबराचं टोपण, त्याच्या आत बल्बला दाबून धरणारी तारेची क्लिप. कनेक्टर हलेचना. सुटला तो असा, की माझं कोपर पान्यावर आपटलं. टण्. मग आणखी खालून टण्. वाकून पाहिलं तर जमिनीवर काहीच नाही.

क्लिप मात्र अलगद सुटली, आणि तितक्याच अलगद पान्याच्या मागे गेली.

"फ्रिजवरचं मॅग्नेट दोऱ्याला बांधून सोडा ना," बायको म्हणाली. विहिरीत पडलेल्या कळशीसाठी गळ सोडतात, तसा गोव्याहून आणलेला मासा खाली सोडला. मासा कशाला तरी घट्ट चिकटला. ओढला, तर दोरा एकटाच वर आला.

"काचेला बोट लावू नकोस हं, बोटाचं तेल लागलं की बल्ब लवकर जातो," काका म्हणाले. तोवर मी तो सदऱ्याने पुसून, बोटांनी चाचपून, नुसत्या टोपणाच्या भरवशावर बसवला होता.

रात्री दिवे लावले. उजवा रस्त्यावर, डावा थेट तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या बाल्कनीत. वरून आवाज आला, "कोण आलंय रे?"

सोमवारी गॅरेजवाल्याने काही न विचारता बंपर उतरवला. आधी मासा निघाला, मग क्लिप, मग माझा पाना, आणि शेवटी आणखी एक पाना, गंजलेला.

"हा माझा नाही," मी म्हणालो.

त्याने तो फडक्याने पुसला, उलटसुलट पाहिला.

"माझाय साहेब. मागच्या दिवाळीपासून शोधतोय."