केंद्रावर पाऊस, शेतात नाही

नमस्कार. पाऊस विम्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, शेत करपलं तरी हवामान केंद्रावर पाऊस नोंदला गेला म्हणून दमडी मिळत नाही, उलट ज्याचं पीक डोलतंय त्याच्या खात्यात पैसे जमा होतात. म्हणजे हा विमा नव्हे, सट्टा. असं घडतं, हे खरं आहे. माझ्या लेखात ते यायला हवं होतं. ती चूक माझी.

या विम्यात बांधावर येऊन पीक कुणी पाहत नाही. ठरलेल्या काळात पाऊस अमुक मिलिमीटरच्या खाली गेला किंवा सलग इतके दिवस खंड पडला, की भरपाई. आणि मोजणी नेमून दिलेल्या केंद्रावर. पावसाचा ढग एका शिवारावर कोसळतो आणि शेजारचं कोरडं सोडतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! केंद्र जितकं लांब, तितकी ही तफावत वाढते. शिवाय बाजारभाव पडला तर हा करार काहीच देत नाही.

तरीही 'सट्टा' हा शब्द मला पटत नाही. सट्टेबाज जोखीम हौसेने घेतो, शेतकऱ्याच्या डोक्यावर ती पेरणीआधीच बसलेली असते. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्तींनी १९२० मध्येच पावसाच्या मोजणीवर चालणाऱ्या विम्याची योजना पुस्तकात मांडली होती. आणि उत्तर घानातला २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. पाऊस विमा असलेल्या शेतकऱ्यांनी लागवडीवर जास्त खर्च केला. नुसती रोकड मिळालेल्यांच्या खर्चात तेवढा फरक पडला नाही. पैशापेक्षाही भीतीच हात आखडायला लावत होती. विम्याचा मोठा फायदा असा पेरणीच्या वेळीच होतो, भरपाई मिळो वा न मिळो.

म्हणून हप्ता भरण्याआधी केंद्र कुठे आहे आणि तिथला पाऊस आपल्या शिवाराशी कितपत जुळतो, हे विचारा. करारातले दिवस आपल्या पिकाच्या फुलोऱ्याशी जुळतात का, तेही पाहा. जुळत नसतील तर तो विमा घेऊ नका, असंच मी म्हणेन. लहानसहान तूट बचतीतून भागवावी. सगळा परिसर एकदम होरपळतो त्या वर्षासाठी हा विमा आहे, कारण तेव्हा उसनं द्यायला शेजाऱ्याकडेही काही नसतं.

अंतराबद्दलचा परिच्छेद मूळ लेखात आजच जोडतो.