आगमनकाळ पाळा, नाताळ पुरवून खा

दर जानेवारीत आमच्या वसईत एकच बोलणं ऐकू येतं. कुणाची साखर वाढली, कुणाचा खोकला जात नाही, मुलांची पोटं बिघडली, घरातल्या बाईची कंबर धरली. आणि सगळ्याचं खापर फुटतं नाताळच्या फराळावर. मला हे मान्य नाही. कुलकुल, करंज्या, मार्झिपान, सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं कालवण) आणि फुगे (तळलेले गोल पाव) आपल्या आज्यांनीही खाल्लेत. बिघडलं आहे ते आपलं वेळापत्रक.

आपली चर्चची दिनदर्शिका नीट बघा. नाताळाआधी चार रविवारांचा आगमनकाळ. वेदीवर जांभळा रंग, प्रार्थना, थोडा संयम, वाट बघणं. सण सुरू होतो ख्रिस्तजन्माच्या मिस्सेने, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेने, आणि पुढे तीन राजांच्या सणापर्यंत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडतो. आधी आवरायचं आणि मग दोन-अडीच आठवडे थोडं थोडं, सगळ्यांसोबत खायचं, अशी ही रचना आहे.

आपण ती उलटी केली. डिसेंबर लागला की ऑफिसची पार्टी, शाळेची पार्टी, सोसायटीचा केक, आखातातून किंवा कॅनडातून आलेल्या नातेवाइकांकडचं जेवण. २४ तारीख येईपर्यंत पोट भरलेलं, झोप अर्धवट आणि घरातली बाई उभ्याने थकलेली असते. मग २५ला दणकून जेवण, ३१ला पुन्हा पार्टी, आणि १ जानेवारीपासून कडक डाएट. हे शरीराला झेपत नाही.

वजनाचंच घ्या. अमेरिकेत १९५ जणांची वजनं नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत मोजली होती, तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सुट्टीच्या दिवसांत सरासरी वाढ निघाली सुमारे ३७० ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण ते वजन पुढच्या महिन्यांत उतरलं नाही. दर वर्षी एवढंसं साठत गेलं तर पन्नाशीला काय होईल, याचा हिशोब आपला आपण करावा.

मला जास्त काळजी वाटते ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांची. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या दोन लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २४ डिसेंबरला धोका ३७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. सर्वांत जास्त रात्री दहाच्या सुमारास, आणि विशेष करून पंच्याहत्तरीपुढच्या आणि मधुमेह असलेल्या लोकांत. तिकडे मुख्य सण २४च्या संध्याकाळीच असतो. आपली ती रात्र कशी जाते ते आठवा. अनेक धर्मग्रामांत (पॅरिशांत) मिस्सा आता बारापर्यंत न थांबता लवकर सुरू होते, तरी मैदानात, दव पडत असताना, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन तास बसायचं. घरी येऊन मग जेवण. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेतल्या आणि जेवण लांबलं तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. लोकांना वाटतं आजी दमली असेल, झोपू द्या. कृपा करून असं सोडून देऊ नका, साखर तपासा. शुद्धीवर असतील तर लगेच साखरपाणी द्या. त्या रात्रीच्या गोळ्या आणि इन्सुलिन कधी घ्यायचं हे आपल्या डॉक्टरांना २४च्या आधीच विचारून ठेवा. मिस्सेला जाण्यापूर्वी आजी-आजोबांना हलकं जेवण द्या, अंगावर शाल आणि डोक्याला रुमाल असू द्या, औषधांची डबी कुणाच्या तरी पर्समध्ये ठेवा. ज्यांना बसवत नाही त्यांना २५च्या सकाळच्या मिस्सेला न्या. ती मिस्सासुद्धा तितकीच पवित्र आहे.

आता मडक्यांकडे वळते, कारण पोटं बिघडतात ती इथे. सोरपोतेल मुरलं की चवीला चढतं, त्यात व्हिनेगर असतं, हे खरं. पण म्हणून बिर्याणीही तशीच ओट्यावर रात्रभर ठेवायची नाही. डिसेंबरातही आपल्याकडे दुपारी तीसच्या आसपास तापमान असतं. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू तग धरून राहतात, आणि भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मोठं भांडं आतून तासन् तास गरमच राहतं, म्हणून भात आणि मटण पसरट भांड्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. खायचं तेवढंच बाहेर काढून चांगलं उकळू द्या. अख्खं पातेलं रोज गरम-थंड, गरम-थंड करू नका. फ्रीजमध्ये जागा हवी असेल तर कोल्ड्रिंकच्या बाटल्या बाहेर काढा.

ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठी घरी मांडतो त्या गोठ्याबद्दलही सांगायला हवं. पोटमाळ्यावरून वर्षभराची धूळ खात पडलेली खोकी उतरवायची, जुना पेंढा तोच वापरायचा, आणि मग मुलांना शिंका व दमा. खोकी अंगणात उघडा, झाडाच्या फांद्या आणि तारे ओल्या फडक्याने पुसा, पेंढा नवीन आणा. ज्या मुलाला दमा आहे त्याला हे काम देऊ नका, त्याला मूर्ती मांडू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, घरातली बाई. आपल्या घरांत नाताळ हा तिच्या हातांवर उभा असतो. पीठ मळणं, तळणं, भांडी, पडदे, पाहुणे, मुलांचे कपडे. कुटुंबाच्या आरोग्याबद्दल बोलताना तिच्या झोपेबद्दल कुणी बोलत नाही, याचा मला राग येतो. कुलकुल हा मुळात सगळ्यांनी बसून वळायचा पदार्थ आहे. फणीवर, काट्यावर वळायला पाच वर्षांच्या मुलाला येतं आणि साठ वर्षांच्या पुरुषालाही येतं. टीव्ही बंद करून दोन संध्याकाळी सगळ्यांनी हात लावा. पाच पदार्थांऐवजी तीन करा. ताटं वाटताना कमी आणि विविध द्या. शेजाऱ्याकडे मधुमेही असतील तर ताटात आपल्या वसईची केळी, पेरू, बोरं आणि मूठभर शेंगदाणे ठेवा. अपमान कुणाचा होत नाही.

दारूचंही स्पष्ट बोलते. एकाच रात्रीत खूप पिण्याने हृदयाचे ठोके अनियमित होतात, अगदी धडधाकट माणसाचेही. डॉक्टरांनी १९७८ सालीच या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट' असं नाव दिलं. आणि कायद्याने १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. पार्टीनंतर पोरं बाईकवरून परततात तेव्हा रस्ते अंधारे असतात. प्रत्येक घराने परत आणणारा एक न पिणारा माणूस आधीच ठरवावा.

छातीत दुखलं, धाप लागली, तर "सण आहे, सकाळी बघू" म्हणू नका. अमेरिकेतल्या २००४च्या एका अभ्यासात हृदयाने होणारे मृत्यू वर्षभरात सर्वाधिक २५ डिसेंबर, २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला आढळले. लोक उपचाराला उशीर करतात हे त्यामागचं एक संभाव्य कारण संशोधकांनी सांगितलं. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा. आणि तुमच्या गावात २५च्या रात्री कोणतं रुग्णालय, कोणतं औषधांचं दुकान उघडं असतं हे माहीत असेल, तर गावाच्या नावासकट खाली लिहा. मी यादी करून आमच्या धर्मग्रामाच्या ग्रुपवर टाकणार आहे.