सुप्याचे कर्जरोखे आणि आजचे नवे-जुने : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

एम.ए. अर्थशास्त्राला आर्थिक इतिहासाची प्रश्नपत्रिका ऐच्छिक न ठेवता अनिवार्य करावी, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण कळकळीने लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की विद्यार्थ्याला आज अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र), आकडेवारीची हाताळणी आणि वित्तव्यवहार यांची गरज आहे. १८७५ चे दंगे किंवा १८९६ चा प्लेग शिकून त्याला बँकेत किंवा आरोग्यविभागात काही उपयोग नाही. आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांवर तर हे जास्तीचे ओझे आहे. शिवाय माझ्या लेखातील एक चूकही आपण दाखवून दिली आहे.

ती चूक आधी मान्य करतो. 'दख्खनभर दंगे उसळले' हे माझे विधान सैल होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव सुरू झाला, तो मुख्यतः पुणे आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील काही भागांपुरताच राहिला, आणि त्याचे महत्त्व नंतर वाढवून सांगितले गेले का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र मी तो प्रसंग वर्गात घेतो, त्याचे कारण त्याची व्याप्ती नाही. सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुळांनी, म्हणजे कर्जदार शेतकऱ्यांनी, सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे (कर्जाचे लेखी दस्त) मागितले आणि हाती आले ते जाळले. बहुतेक ठिकाणी रोष माणसांपेक्षा कागदांवर होता. तो कागदांवरच का होता, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला भाव चढले आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, त्याच सुमारास शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. एवढे पाठ्यपुस्तकांत असते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो १८५९ चा मुदतीचा कायदा. रोख्यावरचा दावा तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, असे त्याने ठरविले. जुन्यापुराण्या येण्याखाली कूळ पिचू नये आणि व्याज साठत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून, थकलेले व्याज मुद्दलात मिळवून, नवा रोखा लिहून घेऊ लागले.

वर्गात मी याचा हिशेब फळ्यावर मांडतो. शंभर रुपये कर्ज, दरसाल दरशेकडा २४ रुपये सरळ व्याज, आणि परतफेड काहीच नाही. तीन वर्षांनी रोखा १७२ रुपयांचा होतो, सहा वर्षांनी २९५ रुपये ८४ पैशांचा, आणि नऊ वर्षांनी ५०८ रुपयांच्या वर जातो. आपल्याकडील दामदुपटीच्या रूढ नियमाप्रमाणे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नसे, म्हणजे येणे दोनशेवर थांबायला हवे होते. पण रोखा नवा झाला की कालचे व्याज आजचे मुद्दल ठरते, आणि न्यायालयापुढे पुरावा म्हणून फक्त शेवटचा रोखा येतो. त्यावर सही किंवा निशाणी कुळाचीच असते. दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण आले होते, ते कसे घडले असेल हे या तीन ओळींच्या हिशेबावरून मुलांच्या लक्षात येते.

आता आपला प्रश्न : याचा आजच्या बँकेशी संबंध काय? गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावच्या विकास सोसायटीच्या पीककर्जावर लघुप्रबंध घेतला होता. वसुली नव्वद टक्क्यांच्या वर होती, आणि त्यावरून सभासदांची परतफेडीची क्षमता चांगली आहे, असा निष्कर्ष तिने काढला होता. सुप्याच्या रोख्यांचा तास झाल्यावर ती घरी गेली आणि तिने वडिलांना विचारले. वडिलांनी खिशातली डायरी काढून दाखविली. मार्चअखेर आठ दिवसांसाठी शेकड्यावर व्याज ठरवून हातउसने पैसे घेतले, सोसायटीचा भरणा केला, नवे कर्ज उचलले, आणि उसने फेडले. गावात याला नवे-जुने करणे म्हणतात, आणि हा शब्द सोसायटीचा प्रत्येक सभासद जाणतो. भरणा-तारीख आणि वाटप-तारीख हे दोन्ही रकाने तिच्या संगणकातील तक्त्यात पहिल्यापासून होते. त्यांची वजाबाकी करावी, हे तिला सुचले नव्हते. ती केल्यावर असे दिसले, की बऱ्याच खात्यांत दोन तारखांमध्ये आठवड्याभराचेही अंतर नव्हते, आणि तिने ते प्रकरण पुन्हा लिहून काढले.

दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत, असे मी म्हणत नाही. त्या वेळी नवा रोखा सावकाराच्या फायद्याचा होता. आज तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले, तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडते, म्हणून नवे-जुने करण्यात त्याचेही हित असते. साम्य आहे ते इतकेच, की चांगल्या हेतूने घातलेली मुदत गाठण्यासाठी कागद नवा होतो, कर्ज जुनेच राहते, आणि वहीत मात्र परतफेड दिसते. अर्थमितीची सगळी सूत्रे त्या वहीवरच चालतात. आपल्याइतकाच मीही अर्थमितीचा आग्रही आहे. तिच्यात काय भरायचे, हे कळावे म्हणून मला इतिहास हवा आहे.

याच धाग्याचे दुसरे टोक कायद्यांत सापडते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्यामागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला. तेव्हा सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेऊ लागले, आणि ते खरेदीखत खरे की मुळात गहाणच, हे तपासण्याची तरतूद पुढे त्याच कायद्यात करावी लागली. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही असे खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांना आहे. तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या बँक अधिकाऱ्यापुढे असा सातबारा कधी तरी येणारच. त्यावरील मालकाचे नाव बदलले आहे, एवढेच त्याने वाचायचे का?

आरोग्याविषयी आपण लिहिता, की आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे उपलब्ध असताना प्लेगची साथ शिकविण्याचे कारण नाही. गावोगावच्या जुन्या मृत्युनोंदी आपण कधी पाहिल्या असतील, तर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एकाखाली एक 'ताप' असे लिहिलेले आपल्याला आठवेल. नोंद करणारा पाटील वैद्य नव्हता. हिवताप, विषमज्वर आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा या सगळ्यांना त्याच्याकडे एकच शब्द होता. त्या इन्फ्लुएन्झाचे बळी किती, याचे अंदाज त्यामुळेच एकमेकांपासून फार दूर आहेत, आणि साथीची सर्वांत ठसठशीत खूण जनगणनेतच उरली आहे : १९११ पेक्षा १९२१ साली भारताची लोकसंख्या किंचित कमी भरली. ज्याने 'ताप' हा रकाना पाहिला आहे, तो आजच्या पाहणीतही विचारील, की आजार सांगणारा कोण आणि लिहिणारा कोण. आपण आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळात बिहारपेक्षा कितीतरी जास्त निघते. प्रत्यक्षात आरोग्य केरळचे बरे आहे, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर निधी वाटला, तर तो नेमका उलट्या दिशेने जाईल.

प्लेगबद्दल एकच सांगतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी साथ ओळखली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. आणि १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन होऊन कर्जरोखे विकून उभ्या केलेल्या पैशातून रस्ते रुंद झाले, दाट वस्त्या पाडल्या गेल्या, आणि उठविलेल्यांपैकी पुष्कळांना परवडेल असे घर मिळाले नाही. आरोग्य, शहरविकास आणि सार्वजनिक कर्ज या तीन वेगळ्या प्रश्नपत्रिका आपण केल्या आहेत. मुंबईत ते एकच प्रकरण होते. १८९७ चा तोच कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा लागू झाला, हे आपणही अनुभवले आहे.

नोकरीचा मुद्दा मी हलका मानत नाही. मुलांचे आईवडील कोणत्या अपेक्षेने फी भरतात, हे मी रोज पाहतो, आणि या प्रश्नपत्रिकेने कुणाला थेट नोकरी लागेल, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. तासही मी अर्थमितीचे मागत नाही. विकासाच्या सिद्धान्तांची जी टिपणे आज केवळ उतरवून घेतली जातात, त्यांतले काही तास मला पुरतील.

मराठी माध्यमाविषयी मात्र माझे मत आपल्या अगदी उलट आहे. खतावणी, गहाणखत, दामदुपट, हातउसने, नवे-जुने हे शब्द या मुलांच्या घरात आहेत. पोथीपुस्तकांतून ते त्यांना शिकावे लागत नाहीत. मोडी लिपी त्यांना काही महिन्यांत वाचता येते, कारण लिपीखालची भाषा त्यांचीच असते. इंग्रजी शोधनिबंध वाचताना ती अडतात हे खरे आहे, आणि तिथे आम्ही शिक्षकांनी त्यांच्याबरोबर बसून वाचले पाहिजे. आमच्या विभागात आठवड्यातून एक संध्याकाळ आम्ही तसे बसतो.

या विषयाची परीक्षा घेणार कशी, सनावळ्या विचारून का, असे आपण शेवटी विचारले आहे. गेल्या सत्रात मी सनावळीचा एकही प्रश्न ठेवला नव्हता. तीन पिढ्या नव्या केलेल्या एका रोख्याची नक्कल आणि एका सोसायटीच्या खात्याचा नावे काढून टाकलेला उतारा, असे दोन कागद मुलांपुढे ठेवले, आणि प्रत्येकात खरे कर्ज किती व केव्हाचे, ते हिशेबासह काढायला सांगितले. तीन तास मुले त्यावर बसली होती. आपल्याला पाहायची असेल, तर ती प्रश्नपत्रिका मी आनंदाने पाठवीन.