परदेशातून सुताराचं मशीन मागवताना

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाने गावाकडच्या कारागिराला एखादं चांगलं ड्रिल, राउटर (लाकडात खाचा आणि नक्षी कोरायचं मशीन) किंवा सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) पाठवावं, यापेक्षा उपयोगी भेट मला तरी सुचत नाही. आणि वाटेत सर्वांत जास्त हाल होतात तेही याच भेटीचे. मी फर्निचरच्या धंद्यात आहे, त्यामुळे हे प्रश्न सारखे कानावर येतात. "भाचा अमेरिकेहून येतोय, काय मागवू?" "पार्सल आलंय दादा, पण कुरिअरवाला केवढे तरी पैसे मागतोय, भरू का?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. आणि यातला एक मुद्दा सरकारपर्यंत जायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी गैरसमज काढून टाका. खोक्यावर 'गिफ्ट' लिहिलं की सीमाशुल्क लागत नाही, असं अजूनही अनेकांना वाटतं. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना मिळणारी ती सवलत १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने बंद झाली. आता पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटींत फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं यांनाच सूट आहे. बाकी सगळ्यावर पूर्ण शुल्क.

हे शुल्क कशावर लागतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. ते नुसत्या मशीनच्या किमतीवर नसतं, त्यात भाडं आणि विमाही धरला जातो. विमानाने आलेल्या मालाचं भाडं कितीही झालं तरी मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच मोजायचं, एवढा दिलासा नियमात आहे. समजा, मशीन २०,००० रुपयांचं आणि कुरिअरला ८,००० पडले. विमा बाजूला ठेवला तर शुल्कासाठी किंमत झाली २४,०००. काही वर्षं वैयक्तिक वापराच्या मालावर ३५ टक्के मूळ शुल्क, त्यावर १० टक्के अधिभार आणि या सगळ्यासकट होणाऱ्या रकमेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, असा हिशोब होता. एकूण ७७.२८ टक्के. म्हणजे २४,००० वर १८,५४७ रुपये. २०,००० चं मशीन ४६,५०० च्या वर गेलं, आणि कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क त्यात धरलेलंच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आयजीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मूळ शुल्कही पूर्वीपेक्षा खाली आलंय. चांगलंच झालं. पण मूळ दुखणं दराचं नाहीच.

दुखणं वर्गवारीचं आहे. सीमाशुल्काच्या तक्त्यात हातात धरून चालवायच्या मोटारीच्या हत्यारांसाठी ८४६७ हे स्वतंत्र शीर्षक आहे. व्यापाऱ्याने कंटेनर भरून ड्रिल आणली की ती याखाली येतात. तेच एक ड्रिल सुताराच्या नावाने कुरिअरने आलं की ते ९८०४ मध्ये, म्हणजे 'वैयक्तिक वापराच्या वस्तूं'मध्ये जातं, जिथे घड्याळं, पर्स आणि खेळणी असतात. ७७ टक्क्यांच्या काळात व्यापाऱ्याचा दर याच्या निम्म्याहूनही कमी होता. शिवाय व्यापाऱ्याला भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढच्या करातून वजा होतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या मिस्त्रीला काय मिळतं? ज्याला सूट सर्वांत जास्त हवी त्याच्यावरच सर्वांत जास्त बोजा, हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते मी स्पष्टपणे म्हणतो.

पूर्वी असं नव्हतं. १९९८ च्या बॅगेज नियमांमध्ये, म्हणजे प्रवाशाच्या सामानाच्या नियमांमध्ये, परदेशात काम करून परतणाऱ्या माणसाच्या व्यवसायाच्या साधनांना वेगळी सवलत होती, आणि व्याख्येत नावं घेतली होती ती सुतार, प्लंबर, वेल्डर आणि गवंड्याची. कॅमेरा, टाइपरायटर, संगणक त्यातून मुद्दाम वगळले होते. नियम लिहिणाऱ्यांना आखातातून परतणारा कोकणातला वेल्डर डोळ्यांसमोर दिसत असणार.

आज तर अशी सवलत देणं आणखी सोपं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतल्या कारागिरांची नोंदणी होते, त्यांना ओळखपत्र मिळतं, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. त्यात सुतार आहे, लोहार आहे, गवंडी आहे. मग त्याच नोंदणीवर वर्षातून एका मशीनला ८४६७ चा दर लावायला अडचण काय? २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत घरगुती वापरासाठी मागवलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचा आयजीएसटी २८ वरून १२ टक्क्यांवर आणला होता. ठरवलं की जमतं.

आता पाठवणाऱ्यांसाठी. शुल्क भरून मशीन घरी आलं तरी ते चालेल याची खात्री नसते. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. तिकडचं वायरचं मशीन इथे थेट लावलं की मोटारीचं आर्मेचर (आतली फिरणारी गुंडाळी) जळालंच. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा तर १५ अँपिअरचा सॉ १,८०० वॅट खेचतो, त्याला किमान २ केव्हीएचा, खरं तर ३ चा ट्रान्सफॉर्मर हवा. तो सॉपेक्षा जड असतो आणि साइटवर रोज कोण उचलून नेणार? बेंच ग्राइंडरसारख्या इंडक्शन मोटारीला तर ट्रान्सफॉर्मरनेही पूर्ण वेग मिळत नाही, कारण तिचा वेग हर्ट्झवर ठरतो आणि ते ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. तिकडे मिनिटाला ३,४५० फेरे घेणारा इथे २,८७५ च्या आसपास फिरतो. दुबईहून आलेल्या मशीनला ही अडचण नसते, तिथला वीजपुरवठा आपल्यासारखाच, फक्त पिन बदलायची.

बॅटरीची मशीनं यावर उत्तर आहेत, पण अर्धंच. लिथियम बॅटरी सुटी पाठवायची तर प्रवासी विमानातून माल म्हणून ती जातच नाही, ही बंदी १ एप्रिल २०१६ पासून आहे. स्वतः घेऊन येणाऱ्याने सुटी बॅटरी केबिनच्या बॅगेतच ठेवायची, टोकांना टेप लावून. आणि ड्रिल मात्र केबिनमध्ये चालत नाही, ते चेक-इनमध्ये. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॉट-अवर होते, ती १०० च्या मर्यादेत बसते. ६ अँपिअर-अवरची १०८ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. अमेरिकेत '२० व्होल्ट मॅक्स' म्हणून विकतात ती प्रत्यक्षात १८ व्होल्टचीच असते, हिशोब १८ ने करा.

आमच्या ओळखीतल्या एका पोराला मामाने न्यू जर्सीहून बॅटरीचा सॉ पाठवला. सहा महिन्यांच्या आत बॅटरी फुगली. वॉरंटी तिकडची, इथल्या सर्व्हिस सेंटरने हात वर केले. परत पाठवायची म्हटलं तर खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने नेताच येत नाही. चार्जरही १२० व्होल्टचाच होता. पोरगा कामाला हुशार आहे, मामाने जीव लावून पाठवलं होतं, आणि सॉ पडून राहिला. याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा. मकिता, बॉश किंवा डीवॉल्ट यांच्यासारखा इथेही मिळणारा ब्रँड घ्या, नुसतं १८ व्होल्टचं मशीन घ्या, बॅटरी आणि चार्जर इथे पुण्यात किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बिलासह घेऊ. मशीन सामानातून आणा, बिल जवळ ठेवा. कुरिअर करावंच लागलं तर प्लॅस्टिकची मोठी पेटी काढून टाका. विमानाने पाठवताना लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार भागिले ५,००० असं वजन धरतात. ४५ बाय ३५ बाय १५ सेंटिमीटरच्या पेटीतलं ३ किलोचं मशीन पावणेपाच किलोचं ठरतं. किंमत खरी लिहा. कमी लिहून माल अडकला की सोडवताना सुताराचेच दिवस आणि पैसे जातात. आणि मशीन वायरचंच हवं असेल तर सरळ पैसे पाठवा, आम्ही इथून घेऊ.

या वर्गवारीबद्दल मी खासदारांना द्यायला निवेदन तयार करतोय. ज्या कारागिरांनी मशीनवर ९८०४ खाली शुल्क भरलंय, त्यांनी पावतीचा फोटो नाव-पत्ता झाकून मेसेजमध्ये पाठवा. मशीनची किंमत, भाडं आणि भरलेलं शुल्क, हे तीन आकडे दिसले की पुरे.