उसनवारीची गाडी

गेले काही आठवडे आमच्या कोल्हापूरच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर एक वाद पेटलेला आहे आणि इकडे कॅलिफोर्नियात सकाळी फोन हातात घेतला की तिकडच्या रात्रीचे तावातावाचे संदेश वाचावे लागतात. वादाचे मूळ महिंद्रच्या रॉक्सर या गाडीत आहे. २०१८ साली महिंद्रने मिशिगनमध्ये जुळणी करून ही छोटी गाडी शेता-माळरानावर चालवण्यासाठी विकायला काढली; ती जीपसारखी दिसते अशी तक्रार फियाट क्रायस्लरने केली, २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ती मान्य केली आणि महिंद्रला गाडीचा चेहरा बदलावा लागला. प्रकरण जुने झाले होते, पण आमच्यातल्या एका निवृत्त अभियंत्याने ते उकरून काढले आणि वर लिहिले की, सत्तर वर्षे दुसऱ्याची जीप गिरवणाऱ्यांनी कुरकुर करू नये. अमेरिकन पोरांनी कुणाचेही न बघता आपापल्या परसात हॉट रॉड, म्हणजे जुन्या मोटारी कापून-ठोकून वेगवान केलेल्या गाड्या, उभे केले; आपल्याकडे ती धमकही नाही आणि अक्कलही नाही. त्याला उत्तर द्यायला नेहमीची मंडळी धावून आली. त्यांच्या मते जगातले प्रत्येक यंत्र मुळात आपल्याच पोथ्यांतून बाहेर गेलेले असल्यामुळे नकलेचा प्रश्नच उद्भवत नाही. या दुसऱ्या पक्षाशी मी भांडत नाही, कारण त्यांना उत्तर नकोच असते. पहिल्याने मात्र थेट माझ्या अंगणात पाय ठेवला आहे. मी पोमोनाच्या शेजारी, डायमंड बारला राहतो, आणि इकडे आल्यापासून माझे बरेचसे शनिवार-रविवार हॉट रॉडच्या नादात गेले आहेत.

जीपचे आधी उरकतो. १९४० साली अमेरिकन सैन्याला हवी असलेली छोटी गाडी पहिल्यांदा बनवून दाखवली ती पेन्सिल्व्हेनियातल्या बॅंटम या लहानशा कंपनीने, कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून. सैन्याने ते आराखडे विलिस आणि फोर्ड यांच्या हाती दिले, मोठी कंत्राटेही त्यांनाच दिली, आणि बॅंटमच्या वाट्याला शेवटी ट्रेलर आले. ज्या उभ्या फटींच्या जाळीवरून आज वकिलांची भांडणे होतात, ती पत्र्यात ठोकून काढलेली सपाट जाळी मुळात फोर्डच्या लोकांनी काढलेली. विलिसने ती नंतर उचलली. महिंद्रने तर १९४७ पासून विलिसच्या परवानगीनेच गाड्या जोडल्या. तेव्हा अस्सलपणाचा दाखला म्हणून जीप पुढे करणे धाडसाचे आहे.

पण जीपबद्दल बोलायला इतर लोक पुष्कळ आहेत. ‘कुणाचेही न बघता’ उभ्या राहिलेल्या हॉट रॉडबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे.

माझ्या घरून ७१ क्रमांकाच्या महामार्गाने खाली गेले की अर्ध्या तासात कोरोना येते. या गावाचा ग्रँड बुलेव्हार्ड हा रस्ता पूर्ण गोल आहे. जवळजवळ तीन मैलांचा घेर, दोन्ही बाजूंना जुनी घरे, आणि चौकाचौकात स्टॉपच्या पाट्या. त्यावरून गाडी चालवताना स्टिअरिंग सतत किंचित एका अंगाला धरून ठेवावे लागते आणि थोड्या वेळाने मनगटाला ते जाणवू लागते. १९१३, १९१४ आणि १९१६ या तीन वर्षी इथे मोटारींच्या शर्यती झाल्या. तिसऱ्या शर्यतीत, ८ एप्रिल १९१६ रोजी, बॉब बर्मन हा त्या काळचा नावाजलेला चालक इथेच गाडी उलटून गेला. त्याची गाडी फ्रेंच होती, प्यूजो. आणि हॉट रॉडची वंशावळ सांगायची तर मी ती याच गाडीपासून सांगेन.

१९१३ ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत प्यूजोनेच जिंकली होती. या गाड्यांच्या इंजिनात डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असत. आज बाजारातल्या साध्यातल्या साध्या मोटारीत असते तशी ही मांडणी, पण त्या वेळी अमेरिकेत कुणाजवळ नसलेली. १९१५ मध्ये बर्मनच्या प्यूजोचे इंजिन फुटले, आणि युरोपात महायुद्ध चालू असल्यामुळे फ्रान्सहून सुटे भाग येईनात. बर्मनने ते लॉस एंजलिसला हॅरी मिलर यांच्याकडे आणले. मिलर यांचा धंदा कार्बोरेटर बनवण्याचा. त्यांनी आणि त्यांच्या कारखान्यातल्या फ्रेड ऑफेनहाउजर यांनी ते इंजिन खोलले, भाग मोजले, नवे घडवले आणि जिथे सुधारायला जागा दिसली तिथे सुधारले. हे काम करता करता जी विद्या हाताला लागली, तिच्यातून पुढे मिलर यांची स्वतःची इंजिने निघाली आणि त्यांच्यातून ऑफेनहाउजरचे इंजिन निघाले, जे १९७६ पर्यंत इंडियानापोलिसला जिंकत राहिले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखादे विलायती ऑइल इंजिन उघडून त्यावरून दुसरे बनवणारा मिस्त्री याहून वेगळे काय करत होता, हे माझ्या मित्राने मला सांगावे. त्याच्या वडिलांचा लेथ तिथेच होता.

मिलर यांच्या कारखान्यात तेव्हा एड विनफील्ड नावाचा एक तरुण पोरगा कामाला होता. त्याने पुढे स्वतःचे कार्बोरेटर आणि कॅमशाफ्ट बनवले, आणि १९२० व १९३० च्या दशकांत म्युरॉक या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या कोरड्या सरोवरावर गाड्या पळवणाऱ्या पोरांच्या फोर्ड मॉडेल टी आणि मॉडेल ए या गाड्यांत तेच बसू लागले. त्याच काळात मॉडेल टी साठी ‘फ्रंटेनॅक’ नावाची जी जोरकस हेडे (इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणारी डोकी) मिळत, ती विकणारा लुई शेव्हरोले जन्माने स्विस. १९३७ मध्ये या पोरांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली, तोवर त्यांच्या इंजिनांत पॅरिसची हवा एक पिढीभर खेळत होती. त्यांना ते ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी त्यांचे काही अडले नसते.

बाह्यरूपाचेही तसेच. मडगार्ड काढून टाकायचे, फूटबोर्ड काढायचे, काच कापून बुटकी करायची, बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, ठेवण्याऐवजी चासीच्या दोन्ही अंगांनी खाली उतरवायची, म्हणजे गाडी जमिनीला लागल्यासारखी दिसते. बॉनेटच्या पत्र्यात ओळीने चिरा पाडायच्या. हे सगळे वजन आणि वारा कमी करण्यासाठी, हे खरेच. पण अरुंद अंग, उघडी चाके आणि चालक मागे रेटून बसलेला, ही ठेवण युरोपातल्या ग्रांप्री गाड्यांची आहे. १९२४ ची बुगाटी टाइप ३५ डोळ्यांसमोर आणा. लॉस एंजलिसच्या पोरांनी ती बहुधा बुगाटीत पाहिली नसेल, लीजन ॲस्कॉटच्या मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या मिलर गाड्यांत पाहिली असेल. १९५० च्या ओकलंडच्या प्रदर्शनात सर्वांत सुंदर रोडस्टरचा पहिला मान मिळवणारी बिल नीकॅम्प याची गाडी १९२९ च्या फोर्डवर बांधलेली होती, पण तिचे निमुळते, गोलाकार नाक थेट शर्यतीच्या गाडीचे होते, आणि तिच्या पोटाखालूनसुद्धा पत्रा मढवलेला होता. तीच गाडी १९५२ मध्ये एल मिराज या दुसऱ्या कोरड्या सरोवरावर ताशी १४२ मैलांनी धावली. आता ती विल्शरवरच्या पीटरसन संग्रहालयाची आहे. ती पाहायला गेलो की मी समोरच्या बाजूला वाजवीपेक्षा जास्त वेळ उभा राहतो, कारण त्या नाकाचा पत्रा हाताने ठोकलेला आहे आणि तरीही त्यात कुठे लाट दिसत नाही.

डेट्रॉइटच्या श्रीमंतांनाही हा मोह सुटला नाही. हेन्री फोर्डचा मुलगा एड्सेल युरोपातून परतला तो तिकडच्या स्पोर्ट्स गाड्यांची ठेवण मनात घेऊन. त्याने १९३४ मध्ये बॉब ग्रेगरी या आपल्या आरेखनकाराकडून एक बुटकी, ॲल्युमिनियमची, होडीच्या शेपटीसारख्या मागच्या अंगाची गाडी स्वतःसाठी करवून घेतली. आत फोर्डचेच व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन. वडिलांची कंपनी हाताशी असताना घरच्या घरी केलेला तो हॉट रॉडच म्हणायचा.

महायुद्धानंतर तर सगळे उघडच झाले. इंग्लंडमध्ये राहून आलेल्या सैनिकांना एमजी या इंग्रज स्पोर्ट्स गाड्यांची चटक लागली होती. टीसी ही त्यांची छोटी गाडी १२५० सीसीची, जेमतेम ५४ अश्वशक्तीची, आणि स्टिअरिंग उजवीकडे; तरी कॅलिफोर्नियात ती लोकांनी डोक्यावर घेतली. लगेचच कुणीतरी तिच्यात फोर्डचे छोटे व्ही-८ कोंबले, आणि पाठोपाठ अनेकांनी. स्पोर्ट्स गाड्यांच्या क्लबातल्या टायवाल्या मंडळींनी नाके मुरडली, सरोवरावरच्या तेलकट पोरांनी टायवाल्यांची टिंगल केली, पण एकमेकांच्या गॅरेजात दोघांचेही जाणे-येणे होतेच. ब्रुसेल्समध्ये जन्मलेल्या आणि बर्लिनमध्ये शिकलेल्या झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी फोर्डच्या ‘फ्लॅटहेड’ व्ही-८ इंजिनासाठी युरोपीय धाटणीची अर्धगोल ज्वलनकक्षाची हेडे बनवली, ‘आर्डन’ या नावाने. ट्रकवाल्यांनी ती फारशी घेतली नाहीत. सरोवरावरच्या पोरांनी घेतली, आणि लंडनच्या सिडनी ॲलार्ड यांनीही आपल्या गाड्यांत बसवली. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी यांनी इंग्लंडहून आलेल्या एसी या कंपनीच्या गाडीच्या सांगाड्यात फोर्डचे व्ही-८ उतरवले, ते सांता फे स्प्रिंग्जला डीन मून या हॉट रॉडवाल्याच्या गॅरेजात. तीच कोब्रा. तिचा सांगाडा इंग्रज, आणि अंगाची ठेवण ज्या गाडीवरून आली तिची ठेवण फेरारीच्या बार्केटा या गाडीवरून.

मित्रासाठी एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली आहे. १९२९ मध्ये लिऑन ड्युरे हा चालक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या दोन मिलर गाड्या घेऊन युरोपात गेला आणि मोंझाला धावला. एत्तोरे बुगाटी यांनी त्या पाहिल्या, आपल्या तीन गाड्या देऊन दोन्ही बदल्यात घेतल्या, मोलशाइमच्या आपल्या कारखान्यात नेल्या, आणि थोड्याच काळात बुगाटीच्या टाइप ५० व ५१ मध्ये दोन कॅमशाफ्टचे डोके आले. फ्रान्सची विद्या कॅलिफोर्नियातून हात फिरून फ्रान्सला परतली, आणि या संपूर्ण प्रवासात कुणी कुणाला नकलाकार म्हणून हिणवले नाही.

आता मित्राच्या बाजूचेही थोडे. या पोरांच्या हाती जी स्वस्ताई होती ती आमच्या हाती कधीच नव्हती. भंगारात १९३२ चा फोर्ड मामुली डॉलरांना मिळे, आणि त्यात बसणारी व्ही-८ इंजिने गल्लोगल्ली. कोल्हापुरात आम्ही मोटार जवळून पाहायची ती दसऱ्याला, छत्रपतींची मेबॅक बाहेर निघाली की, तीही दोरीच्या अलीकडून. तिची बॉडी कापून खाली उतरवावी असे कुणाच्या मनात आले असते तर त्याला गावाबाहेर काढले असते.

आणि हे सगळे मी इतक्या हिरिरीने का लिहितो आहे, तेही सांगायला हवे. माझ्या गॅरेजातला १९३२ चा फोर्ड १९३२ मध्ये बनलेलाच नाही: बॉडी फायबरची, चासी नवी, इंजिन शेव्हरोलेचे, आणि डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, कागदावर मात्र ‘१९३२’. पोमोनाच्या स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या गाड्या आणि सुट्या भागांच्या बाजारात, पहाटे टॉर्च घेऊन फिरताना एखादा म्हातारा आधी विचारतो, बॉडी कुठून घेतलीस. मग विचारतो, तू कुठला. मी डायमंड बार म्हणतो, आणि तो पुढचे ऐकायला थांबतो. मग मी कोल्हापूर, उद्यमनगर, लेथ हे सगळे सुरू करतो, इतक्या अभिमानाने की तिथल्या कुणी ऐकले तर हसेल. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या गणपतीत कुणी मला ‘काय हा अमेरिकन नाद’ म्हणाले की मी मिलर आणि म्युरॉक ऐकवतो. हॉट रॉड उसनवारीवर उभा आहे हे सिद्ध करण्यात माझा स्वार्थ आहे. इथली सर्वांत अस्सल समजली जाणारी गोष्ट जर फ्रेंच इंजिन, स्विस कारागीर आणि इंग्रज सांगाड्यांची झाली असेल, तर कागदावर १९३२ लिहिलेल्या फायबरच्या गाडीला आणि तिच्या मालकालाही या रांगेत उभे राहता येते. मित्राने कुणाचेही न बघता उभ्या राहिलेल्या अमेरिकेचे कौतुक केले की त्या अमेरिकेत माझी जागा उरत नाही. माझा राग त्याचा आहे.

तिकडच्या लोकांना खरेच काही करायचे असेल तर नकलेवर भांडण्यापेक्षा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर भांडा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला: कारखान्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. कॅलिफोर्निया काही मोकाट नाही, इथल्या स्मॉगवाल्यांशी, म्हणजे धूर तपासणाऱ्यांशी, ज्याचा संबंध आला त्याला विचारा. पण घरी बांधलेल्या ५०० गाड्यांना दर वर्षी, ज्या सालची गाडी दिसते त्या सालचा धुराचा नियम लावून घेण्याची मुभा इथला कायदा देतो, आणि त्या ५०० जागांसाठी लोक जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी डीएमव्हीच्या दाराशी रांग लावतात. महाराष्ट्रापुरता आकडा ५० ठेवला तरी चालेल; ब्रेक, दिवे आणि वेल्डिंग कसून तपासा, शुल्क घ्या, आणि उद्यमनगरातल्या पोराने पत्रा कुणाच्या गाडीवरून बघून ठोकला, हे त्याला विचारू नका.