आठ फुटी तक्ता आणि साडेपाच फुटी हौदा

गेल्या वर्षी आमच्या गणपतीच्या मखरासाठी प्लायवूड आणण्याचे काम माझ्याकडे आले आणि इथे डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी मित्राने आपली नवी कोरी फोर्ड एफ-१५० पिकअप, म्हणजे मागे माल ठेवायला उघडा हौदा असलेली गाडी, मोठ्या उत्साहाने बाहेर काढली. दुकानाच्या आवारात आम्ही चार बाय आठचे सहा तक्ते हौद्यात सरकवले, तेव्हा लक्षात आले की हौदा जेमतेम साडेपाच फुटांचा आहे. मागचा फाळका आडवा पाडूनही तक्त्यांची टोके बाहेर डोकावत होती. शेवटी टोकांना लाल फडके बांधले, दोऱ्या आवळल्या आणि दर वळणावर मागे बघत बघत घर गाठले. केबिनमध्ये मात्र आम्ही पाच जण पाय पसरून बसलो होतो आणि ऑगस्टच्या उकाड्यात सीटमधून पाठीला गार वारा लागत होता.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक निवृत्त अमेरिकन सुतार राहतात. आम्ही आपसांत त्यांना सुतारकाका म्हणतो. त्यांच्याकडे १९७८ची एफ-१५० अजून चालती आहे. तिच्या सलग बाकावर माणसे तीनच बसतात, गिअर आपल्या जुन्या पद्मिनीसारखा स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे आणि बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खालची जमीन दिसते. पण तिच्या आठ फुटी हौद्यात तोच तक्ता आडवा पडतो आणि वर फाळकाही लावता येतो. आमची वरात पाहून काका काही बोलले नाहीत, फक्त हसले.

एकाच नावाच्या या दोन गाड्यांमध्ये माणसांची जागा वाढली आणि मालाची घटली, हे कसे घडले? मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात बरीच वर्षे काम करतो आहे आणि या प्रश्नाचे ठरलेले उत्तर मी असंख्य बैठकांत ऐकले आहे : गिऱ्हाइकाला हेच हवे होते. मला हे उत्तर अर्धेच खरे वाटते. एफ-१५० ज्या मालिकेतली, त्या फोर्डच्या एफ-सिरीजचा इतिहास नीट पाहिला तर गिऱ्हाइकाची आवड घडवण्यात वॉशिंग्टनमध्ये लिहिल्या गेलेल्या नियमांचा हात डिअरबॉर्नच्या, म्हणजे फोर्डच्या मुख्यालयातल्या, अभियंत्यांइतकाच मोठा दिसतो.

सुरुवात साधी होती. १९१७मध्ये फोर्डने मॉडेल टीटी ही एक टन माल वाहणारी चासी, म्हणजे इंजिन-चाकांसह नुसता सांगाडा, ६०० डॉलरला विकायला काढली. आपल्याकडे ट्रकची बॉडी बाहेर बांधून घेतात तशी तिची केबिन आणि हौदा घेणाऱ्याने आपल्या गावातल्या कारागिराकडून बांधून घ्यायचा असे. १९२५च्या एप्रिलमध्ये कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी २८१ डॉलरला मिळू लागली आणि फोर्डची पिकअप जन्माला आली. तरीही पुढची वीसेक वर्षे फोर्डची पिकअप म्हणजे मोटारीच्याच घडणीवर चढवलेला हौदा, असाच प्रकार होता.

१६ जानेवारी १९४८ रोजी ते बदलले. युद्धानंतर फोर्डने पहिली संपूर्ण नवी घडण मोटारीला न देता ट्रकला दिली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. अर्धा टनी एफ-१ पासून अवजड एफ-८ पर्यंत आठ गाड्यांची ही मालिका होती आणि तिच्या नव्या केबिनवर दहा लाख डॉलर खर्च केल्याचे कंपनी अभिमानाने सांगत असे, म्हणून तिला ‘मिलियन डॉलर कॅब’ म्हणत. हादरे कमी बसावेत म्हणून केबिन रबरी बैठकांवर टेकवली होती आणि समोरची काच सलग होती. मात्र चालकाशेजारच्या माणसापुढचा वायपर, त्याच्या डोळ्यांवरची सावलीपट्टी आणि उजवीकडचा मागचा लाल दिवा हे सगळे जादा पैसे मोजल्यावरच मिळे. एकट्याने गाडी चालवणाऱ्या शेतकऱ्याला दुसरा वायपर कशाला हवा, हा त्यामागचा हिशेब. एफ-१चा हौदा साडेसहा फुटांचा होता. आज सहकुटुंब फिरणाऱ्या मित्राच्या गाडीपेक्षा तो फूटभर लांब होता.

१९५३मध्ये दुसरी पिढी आली, एफ-१चे नाव एफ-१०० झाले आणि एफ-२५०, एफ-३५० हे आकडे तेव्हापासून रूढ झाले. ती गाडी दिसायला इतकी देखणी होती की जुन्या गाड्या नटवणाऱ्या शौकिनांत तिला आजही मान आहे.

कंपनीने केलेली सगळ्यांत मोठी चूक १९६१ची. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट काढून टाकून दोन्ही एकाच सलग पत्र्यात घडवायचे, म्हणजे जोडकाम वाचेल आणि गाडी मोटारीसारखी दिसेल, अशी ही कल्पना होती. परंतु पिकअपची चासी भाराखाली थोडी पिळवटते आणि हौदा व केबिन वेगवेगळे असले की ती पिळवट मधल्या फटीत जिरते. फट गेल्यावर ताण थेट दारांच्या चौकटीवर आला. हौद्यात भरपूर माल भरला की दारे अडकतात किंवा नीट लागत नाहीत, अशा तक्रारी तेव्हापासून सांगितल्या जातात. फोर्डने वर्षभरातच वेगळ्या हौद्याचा पर्याय परत आणला आणि १९६३मध्ये सलग घडणीचा प्रयोग गुंडाळला. या एका प्रसंगात मात्र ‘गिऱ्हाइकाला काय हवे होते’ हे निर्विवाद दिसते, कारण त्या काळी हौद्यात खरोखर माल भरला जात होता.

आता नियमांकडे येतो. पहिला नियम कोंबडीचा आहे, आणि हे मी गमतीने म्हणत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या सामाईक बाजाराने स्वस्त अमेरिकन कोंबडीवर जबर आयातशुल्क लावले. बोलणी फिसकटल्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलट टोला म्हणून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के शुल्क बसवले, जे जानेवारी १९६४पासून लागू झाले. नेम फोक्सवॅगनच्या पिकअपवर होता. पुढे बाकीच्या वस्तूंवरचे शुल्क उतरले, ट्रकवरचे मात्र राहिले. परदेशी स्पर्धकाला दारातच एक चतुर्थांश भुर्दंड पडत असताना देशी कंपन्यांनी छोट्या, स्वस्त पिकअपसाठी घाम का गाळावा? गंमत अशी की या शुल्काला वळसा घालण्यात फोर्डही मागे नव्हती. माझदाने जपानमध्ये बनवलेली कुरिअर ही छोटी पिकअप फोर्ड १९७२पासून हौद्याविना आयात करी आणि हौदा अमेरिकेत आल्यावर बसवी, कारण नुसत्या केबिन-चासीला शुल्क कमी होते.

दुसरा नियम प्रदूषणाचा. १९७५च्या गाड्यांपासून अमेरिकेत धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. भरलेल्या गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन ६,००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २,७२० किलोंपेक्षा जास्त असेल तर त्या ट्रकला यातून सूट होती. एफ-१०० त्या रेषेच्या आत येत होती. तेव्हा फोर्डने एफ-१०० आणि एफ-२५० यांच्या मध्ये, रेषेच्या जरा पलीकडे बसेल अशी थोडी दणकट गाडी आणली आणि तिला एफ-१५० नाव दिले. आज जे नाव अमेरिकन मातीचे, कष्टाचे, राकटपणाचे प्रतीक म्हणून जाहिरातींत घुमते ते वजनाच्या तक्त्यातल्या एका फटीतून उगवले आहे, हे इथल्या अनेक गाडीमालकांनाही ठाऊक नसते. पुढे सूट देणारी ती रेषा वर सरकवण्यात आली, पण तोवर जास्त वजनाची गाडी घ्यायची सवय लागून गेली होती. १९७७पासून एफ-सिरीज अमेरिकेतली सर्वाधिक खपाची पिकअप आहे आणि १९८३ला एफ-१०० बंद झाली तेव्हा तिच्यासाठी कोणी फारसे रडले नाही.

तिसरा नियम इंधनाचा. १९७३च्या तेलसंकटानंतर, १९७५मध्ये झालेल्या कायद्याने मोटारींना १९८५पर्यंत गॅलनमागे साडेसत्तावीस मैलांची सरासरी गाठायला सांगितले आणि हलक्या ट्रकांसाठी वेगळे, सौम्य निकष ठेवले. हेतू शेतकरी आणि कारागीर यांना सांभाळण्याचा होता आणि तो गैर नव्हता. परंतु त्यामुळे मोठी, ऐसपैस, जड मोटार विकणे कंपन्यांना अवघड झाले आणि तोच ऐसपैसपणा ट्रकच्या नावाखाली विकणे सोपे झाले. २०११पासून तर निकष चाकांमधल्या क्षेत्रफळाशी जोडले गेले. गाडी जितकी लांब-रुंद, तितकी अपेक्षा कमी. अशा व्यवस्थेत गाड्या फुगल्या नसत्या तरच नवल. भरीला व्यावसायिकांना करात मिळणारी सवलतही ६,००० पौंडांवरच्या गाड्यांना अधिक उदार आहे. पुन्हा तोच आकडा!

या वातावरणात केबिन वाढत गेली. १९७४ला सीटमागे जागा असलेली सुपरकॅब आली. चार दारांची केबिन १९६५पासून होती, पण ती रस्त्याच्या कामावर मजुरांची टोळी नेण्यासाठी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस फोर्डने खरोखर ओझे वाहणाऱ्या एफ-२५० आणि एफ-३५० यांना सुपर ड्यूटी म्हणून वेगळे काढले आणि एफ-१५०ला घरगुती होण्याची मोकळीक मिळाली. २००१च्या सुपरक्रूमध्ये चार पूर्ण दारे आली, मागे मुलांच्या सीट बसू लागल्या आणि त्या बदल्यात हौदा साडेपाच फुटांवर आला. आमच्या मखराचे तक्ते बाहेर राहिले ते तिथपासून. आज सुपरक्रूची लांबी सुमारे २३२ इंच, म्हणजे एकोणीस फुटांहून अधिक आहे आणि वरच्या प्रकारांची किंमत ७०,००० डॉलरच्या पुढे जाते.

इतके टीकेचे लिहिले तरी अभियंता म्हणून २०१५च्या एफ-१५०पुढे मी टोपी काढतो. आपल्या सर्वांत खपाच्या, कंपनीचे पोट भरणाऱ्या गाडीचा पोलादी पत्रा टाकून संपूर्ण बॉडी आणि हौदा ॲल्युमिनियमचा करणे हा जुगार होता. ॲलन मुलाली बोइंगमधून फोर्डच्या प्रमुखपदी आले होते, त्यामुळे ॲल्युमिनियमची भीती त्यांना नसावी. ॲल्युमिनियमला पोलादासारखे सर्रास स्पॉट वेल्डिंग सोयीचे नसते, म्हणून पत्रे स्वतःच भोक पाडत शिरणाऱ्या रिव्हेटांनी आणि चिकटद्रव्याने जोडायचे, म्हणजे सगळी जोडणीसाखळी उखडून नवी उभारायची. त्याआधी कंपनीने ॲल्युमिनियमचे हौदे जुन्या रूपातल्या गाड्यांवर गुपचूप बसवून खाणीत राबवून पाहिले होते. गाडीचे वजन जास्तीत जास्त ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक किलोंनी उतरले. मित्राच्या गाडीच्या दारावर आम्ही मंडळाचा चुंबकी फलक लावायला गेलो आणि तो घसरून खाली पडला, तेव्हा हा सगळा इतिहास मला तिथेच सांगावासा वाटला होता; मंडळींनी ऐकून घेतला नाही. खेद इतकाच की वाचलेल्या वजनातून लहान गाडी घडली नाही. ते अधिक ओझे ओढण्याच्या क्षमतेत आणि अधिक सोयींत खर्ची पडले.

२०२१च्या संकरित, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या, एफ-१५०ने हौद्यालाच विजेचे प्लग दिले, ७.२ किलोवॉटपर्यंतचे. त्याच फेब्रुवारीत टेक्ससमध्ये हिमवादळाने वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा फोर्डने तिथल्या विक्रेत्यांना अशा गाड्या गरजूंना वापरायला द्याव्यात असे सांगितले. हौद्याचा इतका चांगला उपयोग मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. २०२२मध्ये विजेवर चालणारी एफ-१५० लाइटनिंग कारखान्याबाहेर पडू लागली, ४०,००० डॉलरच्या आतबाहेर म्हणून जाहीर झालेली तिची सुरुवातीची किंमत लवकरच वर गेली आणि डिसेंबर २०२५मध्ये कंपनीने पूर्णपणे विजेवरच्या त्या गाडीचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. एवढा बोजड डोलारा बॅटरीवर ओढायला बॅटरीही तितकीच बोजड आणि महाग लागते, आणि ही अडचण लाइटनिंगपासून सुरू झालेली नाही.

इथे हिवाळ्यात एक दृश्य नेहमीचे असते. मागच्या चाकांवर चालणारी पिकअप रिकामी असली की बर्फात मागून घसरते, म्हणून लोक हौद्यात वाळूची पोती टाकतात. सुतारकाकांच्या गाडीत पोती नसतात. शेगडीची लाकडे असतात.

यंदाच्या मखराची बैठक मागच्या रविवारी झाली. मखर दोन तुकड्यांत करून जोडू, म्हणजे तक्ते दुकानातच चार फुटी कापून घेता येतील आणि मित्राच्या हौद्यात मावतील, असा ठराव झाला. काकांना सहज सांगितले, तर त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि बजावले, “मागची टाकी रिकामी आहे. बटण पुढच्या टाकीवरच राहू द्या.”