सोवळ्यातलं पंक

गाण्यांच्या रेकॉर्डसाठी कपाट करून घ्यायचं असेल तर सुताराला ‘आतून तेरा इंच’ हे कागदावर लिहून द्यावं आणि खाली त्याची सही घ्यावी. तोंडी सांगितलंत तर तो मान डोलावतो आणि कप्पे बारा इंचांचे करून आणतो. त्याच्या परीने तो बरोबरच असतो. एलपी बारा इंची, तर कप्पा बारा इंची. त्यात विचारायचं काय? पण एलपीचं कव्हर सव्वाबारा इंचांच्याही जरा वर डोकावतं, आणि बोटं घालायला जागा ठेवली नाही तर आत गेलेली रेकॉर्ड पुढच्या घरबदलालाच बाहेर येते. कप्प्याची खोलीसुद्धा तेराच इंच. एक मीटर फळीवर तीनेकशे एलपी बसतात, त्यांचं वजन पाऊणशे किलोच्या आसपास भरतं, म्हणून दर सव्वा फुटाला उभी फळी हवी. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या. आडव्या थप्पीत खालच्या दबतात आणि कव्हरवर गोल वळ उमटतो.

एवढं जडशीळ प्रकरण कशासाठी, तर ज्या पोरांना धड गिटार जुळवता येत नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं, त्यांनी पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी दोन-दोन मिनिटांत उरकलेल्या पंक रॉक गाण्यांसाठी.

मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची सातइंची, म्हणजे छोटी रेकॉर्ड, काढली ती उसन्या ५०० पौंडांत, कुठल्याही कंपनीची पायरी न चढता, स्वतःचंच लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढून. पहिल्या फेरीत १००० प्रती. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने तर आपल्या पहिल्या सातइंचीच्या कव्हरवर स्टुडिओला किती लागले, रेकॉर्ड छापायला किती, मधल्या कागदी लेबलांना किती, असा सगळा हिशेबच छापला. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत इतका चोख हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड या लेबलची १९८० मधली पहिली रेकॉर्डही १००० प्रतींचीच. तिची कव्हरं पोरांनी आणि त्यांच्या मित्रांनी घरी बसून कापली, दुमडली, चिकटवली. आणि क्रास नावाचा बँड कव्हरवरच किंमत छापायचा: याहून जास्त देऊ नका. थोडक्यात, एमआरपी. पाण्याच्या बाटलीवर दोन रुपये जास्त मागितले म्हणून ग्राहक पंचायतीची भाषा करणारा पुणेकर क्रासच्या रेकॉर्डला छापील किमतीच्या वीसपट मोजतो आणि वर विकणाऱ्याचे आभार मानतो.

‘कुणीही वाजवा, कुठेही वाजवा, बिघडलं तर बिघडलं’ हा या संगीताचा बाणा. ते जमवणाऱ्याचा दिनक्रम मात्र पेठेतल्या जुन्या घरातल्या सोवळ्याहून कडक. आधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. रेकॉर्ड कडेला आणि मधल्या लेबलला धरायची. खाचेला बोट लागलं की विटाळ. धुतलेली रेकॉर्ड जुन्या स्लीव्हमध्ये, म्हणजे आतल्या पाकिटात, परत घालायची नाही. पाहुण्याने परस्पर सुईला हात लावायचा नाही, आणि लावलाच तर प्रायश्चित्त आपणच घ्यायचं, कारण नवी सुई आपल्यालाच आणावी लागते. मला तर वाटतं, हा छंद पुण्याला मानवतो तो त्यातल्या संगीतामुळे नव्हे, त्यातल्या सूचनांमुळे.

माल मिळतो कुठे? पुण्यात जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी. तिथे पंक मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मिळतात त्या दमदमच्या कारखान्यातल्या एचएमव्हीच्या सिनेमाच्या रेकॉर्डी, नाट्यसंगीत, अभंग, आणि इंग्रजीत बोनी एम. विकणाऱ्याच्या लेखी दोनच प्रकार असतात, हिंदी आणि इंग्लिश, आणि इंग्लिशचा भाव चढा. याच वर्गवारीत आपली संधी असते. एका सिगारेट कंपनीच्या ‘सिम्ला बीट’ या स्पर्धेतल्या भारतीय बँडच्या १९७० आणि १९७१ च्या दोन एलपी, किंवा चरणजित सिंग यांची सिंथेसायझरवरच्या दहा रागांची १९८२ ची एलपी, हा माल जगभरचे लोक शोधत असतात, आणि तो छापला गेला तो आपल्याच देशात. दिसलीच तर डोळे मोठे करू नयेत. आधी शेजारची ‘भक्तिगीते’ उचलून तिचा भाव विचारावा, नाक मुरडावं, मग ‘आणि ही?’ म्हणावं. दुपारी उन्हात पसरलेल्या रेकॉर्डी डोळ्यांच्या पातळीवर आडव्या धरून बघाव्यात. कड लाटेसारखी वर-खाली जात असेल तर ती उन्हाने वाकलेली आहे. घरी नेऊन पाट्याखाली ठेवू, हा विचार करू नये. सरळ होत नाही.

पंकसाठी मात्र परदेशाशिवाय गत्यंतर नाही. तिथे प्रतवारीची अक्षरं आधी पाठ करावीत. मिंट म्हणजे कोरी, मग निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, आणि त्याखाली ‘गुड’. या ‘गुड’ची हमी एवढीच, की सुई उड्या न मारता शेवटपर्यंत पोचेल, वाटेत काय ऐकू येईल त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. व्हीजी प्लसच्या खाली मागवायचं ते फक्त दुसरीकडे कुठेच नसेल तर. पैसे देण्याआधी रनआउटचा फोटो मागवावा. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधला गुळगुळीत पट्टा म्हणजे रनआउट. त्यावर टॉर्च सरळ धरला तर काहीच दिसत नाही. जवळजवळ आडवा धरला की हाताने कोरलेली अक्षरं उमटतात. मॅट्रिक्स नंबर, म्हणजे साच्याचा नंबर, असतो, कधी एखादा टोमणा, कधी ‘अ पॉर्की प्राइम कट’ ही जॉर्ज पेकम या रेकॉर्डच्या खाचा कापणाऱ्या इंजिनिअरची सही. नक्कल करणारे कव्हर हुबेहूब छापतात, पण या पट्ट्यावर बहुधा पकडले जातात. कव्हरवर विसंबूच नये. एरवी भिंगातून पाहिलं की स्कॅनवरून छापलेली अक्षरं ठिपक्याठिपक्यांची दिसतात. पण पंकची कितीतरी मूळ कव्हरं झेरॉक्सच काढलेली होती. झेरॉक्सची झेरॉक्स ओळखायची कशी? तसली अस्सल प्रत अप्पा बळवंत चौकात दोन रुपयांत मिळते.

विकणाऱ्याला दोन सूचना द्याव्यात, त्याला राग आला तरी. एक, रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढून, वेगळ्या स्लीव्हमध्ये घालून, कव्हरच्या मागे ठेव. आत राहिली तर प्रवासात आपटून कव्हरची शिवण फाडते. दोन, दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठे लाव, एकाच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या; दोन्ही एकाच दिशेने लावले तर पार्सल मधोमध दुमडतं. टपालखर्च एका सातइंचीला जितका, साधारण तितकाच तिघींना, म्हणून तिघांनी मिळून मागवावं. त्यावर कस्टम ड्यूटी, आणि ती भाड्यासकट धरलेल्या किमतीवर. परदेशातला भला माणूस ‘गिफ्ट लिहू का?’ असं विचारतो. नको म्हणावं. भेटवस्तू म्हणून सूट मिळवायची वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. सातइंचीला मध्ये भोक असलं तरी ती राखी म्हणून खपत नाही.

आता यंत्र. न्यू जर्सीहून भाचा ‘मामा, माझा जुना टर्नटेबल घेऊन येतो’ म्हणाला की आधी मॉडेल नंबर विचारावा. ११० व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, ६० हर्ट्झचा सुटत नाही. जुन्या बेल्टवाल्या यंत्रांची एसी मोटर विजेच्या तालावर फिरते. आपल्याकडे ताल ५० चा, म्हणून ३३⅓ ऐवजी ती मिनिटाला पावणेअठ्ठावीसच फेरे घेते. सव्वादोन मिनिटांचं गाणं पावणेतीनला टेकतं आणि मुलखाचा संतापलेला गायक कीर्तनाच्या पूर्वरंगासारखा धीमा होतो. उपाय दोन. बॉक्सवर ५०/६० लिहिलेलं किंवा डीसी मोटरचं यंत्र घ्यायचं, नाहीतर मोटरवरची पुली नवी कातून घ्यायची. भोसरीतला लेथवाला ती हसत हसत कातून देतो, पण माप आपण द्यायचं: व्यास १.२ पट. हा व्यास पट्ट्याची (बेल्टची) जाडी धरून मोजायचा, कारण वेग ठरतो तो पट्ट्याच्या मध्यरेषेवर. नुसतं धातूचं माप दिलंत तर सगळी गाणी किंचित रेंगाळतात. पट्टा तापकीर गल्लीत मिळेल, पण जुना सोबत न्यावा. ‘साधारण एवढा’ असं बोटांनी दाखवलं की टेपरेकॉर्डरचा मिळतो.

सुईचा भार ज्या त्या कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीच्या, कागदावर लिहिलेला असतो, बऱ्याच साध्या कार्ट्रिजांना दोन ग्रॅमच्या आसपास. आधी अँटिस्केट (दांडीची आतली ओढ थोपवणारं बटण) शून्यावर आणून मागचं वजन असं फिरवायचं की दांडी हवेत तरंगेल, मग वजनावरची चकती शून्यावर आणायची, आणि वजन-चकती मिळून दोनपर्यंत फिरवायचं. शेवटी अँटिस्केटही तितकाच. सुई उडते म्हणून डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवणारे अजून आहेत. भार कमी ठेवला तर खाचा सुरक्षित राहतात, हाही असाच गैरसमज. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, भिंतीवर आपटते, आणि पंकमध्ये आपटायला जागोजागी निमित्त असतं.

रेकॉर्डींचं धुणं गुरुवारी काढू नये, पुण्यात गुरुवारी पाणी कधी जाईल सांगता येत नाही. तसंही नळाचं पाणी फक्त हात धुवायला. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यातला क्षार खाचेत वाळला की कायमची कुरकुर. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर एक लिटर, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल दोनेकशे मिलिलिटर, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवायचं, नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळायचं आणि भांड्यांच्या जाळीत उभं सुकवायचं. घरात जाळी एकच असेल तर हे स्वयंपाकघर मोकळं असताना करावं. आणि हेच मिश्रण उत्साहाच्या भरात आजोबांच्या बालगंधर्वांच्या ७८ च्या रेकॉर्डीवर ओतू नये. त्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, म्हणून कप्पा भिंतीपासून दोन इंच पुढे. बाहेरचं प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीनचं घ्यावं. मऊ, चकचकीत पीव्हीसीचं दिसायला देखणं, पण वर्षानुवर्षांत त्यातला तेलकटपणा सुटून रेकॉर्डीवर धुकं बसतं.

इतकं केल्यावर रेकॉर्ड वाजवायची कोणत्या वेगाने, हे बऱ्याचदा लेबलवर लिहिलेलं नसतं. बाराइंची म्हणजे ३३ आणि सातइंची म्हणजे ४५ हा नियम या मंडळींनी मुळीच मानला नाही. दोन्ही वेगांनी लावून बघावं. माणसाचा आवाज ज्या वेगाला माणसाचा वाटेल तो खरा, पण हार्डकोरमध्ये, म्हणजे पंकच्या आणखी सुसाट प्रकारात, तीही खूण चालत नाही. मग झांज ऐकावी: ठोका पडल्यावर ती किती वेळ घुमते ते ड्रमर बदलला तरी फारसं बदलत नाही.

उरलं वाटप. रेकॉर्ड उसनी देऊ नये. ज्याने दिली त्याने आशा सोडूनच द्यावी. फाइल द्यावी. फोनो प्रीअँपशिवाय लॅपटॉपला जोडलं तर आवाज पत्र्यावर खडे पडल्यागत येतो, कारण खाचा कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. प्रीअँप तो हिशेब उलटा फिरवतो. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिटवर, सगळ्यात मोठ्या आवाजाला उणे ६ डेसिबलच्या आत ठेवून घ्यावं, फ्लॅक प्रकारच्या फाइलमध्ये साठवावं, नावात मॅट्रिक्स नंबर घालावा. नॉइज रिडक्शनच्या वाटेला जाऊ नये. ते आधी गिटार काढून टाकतं. आपोआप क्लिक काढणारं साधन स्नेअर ड्रमचा ठोकाच क्लिक समजून भादरतं. खडखड एकेक शोधून हातानेच काढावी, आणि ती दुपारी एक ते चारमध्ये हेडफोन लावून.

फाइल सगळ्यांना वाटायची की नाही? आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे १९७७ ची रेकॉर्ड १ जानेवारी २०३८ ला मोकळी होईल. तोवर बँडला विचारावं. बहुतेकदा उत्तर लगेच येतं आणि ‘खुशाल द्या’ असं येतं. पाचशे प्रतींपैकी एकही स्वतःकडे न उरलेला ड्रमर वर स्वतःसाठीही एक फाइल मागतो. ऐकल्यावर हमखास लिहितो, ‘आम्ही याहून फास्ट वाजवायचो.’ आता हे त्याचं वय बोलतंय की आपली पुली, हे ठरवायला १८० रेघांची स्ट्रोब चकती ३३ वर फिरवावी आणि विजेच्या तालावर लुकलुकणाऱ्या जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बघावी. नव्या एलईडीखाली काही कळत नाही. रेघा मागे सरकत असतील तर पुली लहान आहे, लेथवाल्याकडे परत जायचं. जागच्या जागी उभ्या असतील तर वय.